मोठ्यानं बोलणारं घर

पहिल्या महिन्याचा अहवाल आला तेव्हा शिवलीला मगदूम भाकऱ्या थापत होती. फोन वाजला तशी तिनं पिठाळलेल्या करंगळीनं तो उघडला आणि वाचलं : 'घरातील भावनिक सुरक्षितता : शंभरपैकी एक्केचाळीस. मुख्य कारण : तीव्र आवाजी आक्रमकता, दिवसाला सरासरी चौतीस प्रसंग.'

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली.

"अहोऽऽ! इकडं या जरा! आपण भांडालोय म्हणं!"

शेजारच्या शेडमधून तिचा नवरा महांतेश हात पुसत आला. "कोण भांडालंय?"

"आपण!"

"कधी?"

"दिवसातनं चौतीस वेळा!"

महांतेशनं क्षणभर विचार केला. "चौतीस वेळा भांडायला मी घरात असतोय कुठं?" तो गरजला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदाखदा हसला. शिवलीलाही हसली.

छताला चिकटवलेल्या पांढऱ्या डबीतला हिरवा दिवा लाल झाला. पस्तिसावा प्रसंग नोंदला गेला होता.

मगदुमांचं घर इचलकरंजीत, आठ यंत्रमागांच्या शेडला लागून होतं. मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीत एक दार. बाकी गावात नवे, बिनधोट्याचे, कमी आवाजाचे माग येऊन बरीच वर्षं झाली होती, पण या गल्लीत जुने साधे माग अजून खडखडत होते. महांतेश जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा. मागाच्या नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते तो सांगायचा. शिवलीला त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळण्याचं ते काम. दोघंही लहानपणापासून या आवाजात वाढलेली. मागवाल्यांच्या घरात कुणी हळू बोलत नाही, कारण हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. हाक मारायची तर पोटातून मारायची आणि ओ द्यायची ती त्याहून मोठ्यानं. अगदीच दूर असेल तर खुणा. तळहात तोंडाकडे नेला की चहा, दोन बोटं कात्रीसारखी मिटली की धागा तुटला, मूठ छातीवर ठेवली की 'मी आहे, काळजी करू नको.'

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मूल झालं नाही. दवाखाने करून झाले, मग दोघांनी दत्तक मुलासाठी अर्ज केला. चार वर्षं वाट पाहिल्यावर बालस्वीकार मंडळानं मुक्ताचं नाव सुचवलं. मुक्ता साडेपाच वर्षांची होती आणि कोल्हापुरातल्या एका बालगृहात राहायची. दोन रविवारी ते तिला भेटून आले होते. पहिल्या भेटीत महांतेशनं तिला "काय गं, जेवलीस का?" असं विचारलं, तर खोलीतली सगळी मुलं वळून बघायला लागली.

मुक्तानं डोळे बारीक करून विचारलं, "तुम्ही ओरडताय का?"

"न्हाई. बोलतोय."

"हे बोलणं आहे?"

"आमच्याकडं असंच बोलतात."

मुक्तानं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि भिंती हादरतील अशा आवाजात म्हणाली, "जेवलेऽऽऽ! भेंडी होतीऽऽऽ!"

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये महांतेश खिडकीकडे तोंड करून बसला होता, आणि डोळ्यांत धूळ गेली असं सांगत होता.

आता मूल आणि त्यांच्यामध्ये फक्त ती पांढरी डबी उरली होती.

डबीचं नाव 'साक्षी'. दत्तक घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक घरात ती नव्वद दिवस बसवत. त्यातल्या शेवटच्या तीस दिवसांची सरासरी सत्तर यायला हवी. हेतू वाईट नव्हता. पूर्वी कागदपत्रं बघून, तासभर गप्पा मारून मुलं दिली जात, आणि काही घरांतून ती मुलं घाबरलेली, मिटलेली परत येत. कॅमेऱ्यासमोर आणि पाहुण्यांसमोर सगळेच गोड वागतात. तेव्हा कुणी बघत नसताना घर कसं असतं हे मोजायचं ठरलं.

साक्षी दोन गोष्टी करायची. वटवाघूळ अंधारात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून समोर काय आहे ते ओळखतं. साक्षी आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडायची. माणसाच्या छातीवरून परतणाऱ्या लहरी छातीच्या हलण्यानं किंचित बदलतात. त्या बदलातून श्वास आणि हृदयाचे ठोके मोजता येतात. ही झाली एक. दुसरी गोष्ट म्हणजे बोलणं ऐकायचं. मात्र शब्द ऐकायचे नाहीत. सुरुवातीच्या यंत्रांतून लोकांची घरगुती बोलणी बाहेर फुटली होती, मोठा गहजब झाला होता, आणि कायदाच झाला की शब्द एका सेकंदाच्या आत पुसले पाहिजेत. त्यामुळे साक्षीकडे उरायची ती आवाजाची उंची, धार, वेग आणि कोण कुणाला तोडतंय एवढंच. केळं सोलून गर टाकून द्यायचा आणि सालीवरून चव ठरवायची, तसला हा प्रकार होता. शंभरातले साठ गुण आवाजाला, दहा हृदयाच्या ठोक्यांना, उरलेले झोप आणि जेवणाच्या वेळांना.

दुसऱ्याच दिवशी दोघं कोल्हापूरच्या कार्यालयात गेली. त्यांच्या अर्जाचं काम बघणाऱ्या मृण्मयी दाते पस्तिशीच्या, शांत, नीटनेटक्या बाई होत्या. बोलण्यात गोडवा होता, फक्त त्या गोडव्याला बाहेर जायला दार नव्हतं.

"मॅडम, आम्ही भांडत न्हाई," शिवलीला म्हणाली. "आमचं बोलणंच तसं हाय."

दाते मॅडमनी खुर्ची नकळत इंचभर मागे सरकवली. "मला पटतं हो. पण मला पटून उपयोग नाही. माझं मत अहवालात घालता येत नाही. पूर्वी अधिकाऱ्यांनी ओळखीपाळखीनं मुलं दिली, म्हणून तो रकानाच काढलाय."

"मग शब्द ऐका की! मी 'भाकरी गार होतीय, या' म्हणाले, आणि हे 'आलो' म्हणाले. ह्यात भांडण कुठाय?"

"शब्द पुसले जातात. कायदा आहे."

"मागाचा आवाज असतोय तिथं. त्यावर आवाज चढवूनच बोलाय लागतंय."

"त्याची तुम्ही काळजीच करू नका," मॅडम पहिल्यांदाच उत्साहानं म्हणाल्या. "पार्श्वभूमीचे सगळे आवाज साक्षी वजा करते. मिक्सर, पंखा, तुमचे माग, सगळे. मागाचा गोंगाट तुमच्याविरुद्ध मुळीच धरला जात नाही."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण शिवलीलाला काहीतरी खटकलं. काय ते तिला सांगता येईना.

"ह्यांना कानानं कमी ऐकू येतंय," तिनं दुसरी बाजू लावून धरली. "ते तरी धरा."

इथे थोडं कानाबद्दल सांगायला हवं. आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात. आवाजाची लाट आली की हे तंतू डुलतात, आणि त्या डुलण्याचा निरोप मेंदूला जातो. वाऱ्यानं गवत डुलतं तसं. पण त्याच गवतावरून रोज माणसं चालत राहिली तर पायवाट पडते आणि तिथं पुन्हा गवत उगवत नाही. मोठ्या गोंगाटानं या पेशींचं तेच होतं. नळीच्या तोंडाशी बारीक, उंच सुरांच्या पेशी असतात. त्या आधी जातात. म्हणून महांतेशला 'स', 'श', 'थ', 'फ' ही अक्षरं ऐकूच यायची नाहीत. कानात घालायचं यंत्र त्याच्याकडे होतं. पण शेडमध्ये ते कापसाच्या धुळीनं भरायचं, आणि घरात घातलं की भांडी डोक्यात आपटल्यासारखी वाटायची.

"कर्णदोषाला सूट आहे," दाते मॅडम म्हणाल्या. "तपासणी करून दाखला आणा. फक्त एक आहे. दोष चाळीस डेसिबलच्या वर निघाला तर तुमचा अर्ज 'विशेष पालक' यादीत जातो."

"मग?"

"ती यादी वेगळी. तिथे साधारण तीन वर्षं लागतात."

"आणि चाळीसच्या खाली निघाला तर?"

"तर तो दोष धरत नाहीत. सूट मिळत नाही."

महांतेशला हे सगळं ऐकू गेलं नव्हतं. त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "काय म्हणत्यात?"

"काही न्हाई. म्हणत्यात, बहिरे असला तर थांबा, आणि नसला तर ओरडू नका."

"तुम्ही काही दिवस दुसरीकडे राहायला जाल का?" मॅडमनी सुचवलं आणि लगेच स्वतःच मान हलवली. "नाही, पत्ता बदलला की नव्वद दिवस पहिल्यापासून."

नव्वद दिवस पहिल्यापासून मोजायची सोय नव्हती. नवराबायकोच्या वयांची बेरीज नव्वद झाली की लहान मूल मिळत नसे. महांतेश शेहेचाळीस, शिवलीला त्रेचाळीस. बेरीज एकोणनव्वद. श्रावणात महांतेशचा वाढदिवस होता, आणि मध्ये जेमतेम तीन महिने होते.

घरी येताना शिवलीलानं ठरवून टाकलं. "आजपासनं हळू बोलायचं."

"किती हळू?"

"मुंगीला ऐकू जाईल एवढं."

"मुंगीला जाईल. मला कसं जाईल?"

त्यांनी फोनवर आवाज मोजायचं साधन घेतलं. त्यात काटा साठच्या खाली राहिला पाहिजे. डेसिबल हे माप साध्या पट्टीसारखं नसतं. दर दहा अंकांना आवाजाची ताकद दहापट होते. घरातलं साधं बोलणं साठ, आणि मागाच्या शेडमधला गोंगाट शंभराच्या आसपास. फरक दिसतो चाळीसचा, पण ताकदीत तो दहा हजारपट असतो. ज्या गळ्यानं जन्मभर दहा हजारपट गोंगाटाशी झुंज दिली, त्याला आता पावसाच्या थेंबासारखं बोलायचं होतं.

शिवलीलानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत रोजचे गुण लिहायला सुरुवात केली, आणि गुणांखाली त्या दिवशी काय घडलं तेही दोन शब्दांत. '४६. डाळ लागली, मी ओरडले.' '५२. पाटीवर लिहून बोललो.' '३८. आक्काताई आल्या.'

आक्काताई म्हणजे समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या. साठ वर्षं मागावर काढलेल्या. त्या दारातूनच "लीलाऽऽ, ताक हाय का गंऽऽ?" करत आल्या. शिवलीलानं धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"कोण गेलं?" आक्काताईंनी हाताखालून विचारलं.

"कोण न्हाई. हळू बोला."

"गेलं न्हाई तर हळू कशाला बोलू?" आणि डबीकडे पाहून, "ह्या वाटीला भिऊन तू मला गप करालीस? लग्नात तुझ्या ओव्या मी म्हटल्यात!" त्या ताक न घेताच गेल्या, त्या पुढे तीन आठवडे आल्या नाहीत.

हळूहळू गुण वाढले. छप्पन्न, एकसष्ट, सहासष्ट. आणि तेवढ्याच हळूहळू घरातलं बोलणं आटलं. पूर्वी महांतेश जेवताना शेडमधल्या गमती सांगायचा. आता खाली मान घालून जेवायचा, कारण गंमत हळू सांगता येत नाही. हसू आलं तरी तो ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा. कांदा हवा असला तर बोटानं दाखवायचा. जेवण झालं की उठून शेडमध्ये जायचा आणि तिथं कामगारांशी मोठमोठ्यानं बोलायचा. भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू यायचं तेव्हा शिवलीला भांडी घासता घासता थांबायची.

बावन्नावा दिवस गुरुवार होता. गुरुवारी गल्लीची वीज बंद असते आणि माग थांबतात. सगळीकडे सामसूम. महांतेश कानात यंत्र घालून बसला होता, त्यामुळे त्याला बारीक बोलणंही ऐकू येत होतं.

"काल तुम्ही दारात ओरडला," शिवलीला कुजबुजली. "चार गुण गेले."

"पोरगं सायकलखाली येत होतं," तो तितक्याच हळू म्हणाला.

"दुसऱ्याच्या पोरासाठी आपलं घालवा."

"आपलं कुठं हाय?"

शिवलीला त्याच्याकडे वळली. मग अगदी सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाली, "बहिऱ्या माणसाशी लग्न करू नको, असं माझ्या आईनं सांगितलं होतं."

"आणि माझ्या आईनं दुसरी करून घे म्हणून सांगितलं होतं. तुझ्या रिपोर्टनंतर. तिचं ऐकलं असतं तर आज ही डबी लागली नसती."

एकोणीस वर्षांत त्यांनी हे एकमेकांना कधीच ऐकवलं नव्हतं. रागावले असते, तर एकदा कडाडून ओरडले असते, ताट आपटलं असतं आणि संपलं असतं. पण हळू बोलताना माणसाला शब्द निवडायला वेळ मिळतो. पाऊण तास ती दोघं गुडघ्याला गुडघा लावून, मऊ आवाजात, एकमेकांना तोडून न बोलता, जिथं लागेल तिथंच बोलत राहिली. छतावरचा, बॅटरीवर चालणारा दिवा हिरवागार होता.

सकाळी फोन आला. 'अभिनंदन! काल आपल्या घरातील संवाद आदर्श श्रेणीत होता. गुण : त्र्याऐंशी. असाच सुसंवाद राखा.' हृदयाच्या ठोक्यांचे सात आणि झोपेचे दहा गुण तेवढे कापले होते.

शिवलीलानं तो निरोप नवऱ्याला दाखवला.  मग तिनं पेन घेतलं आणि दिनदर्शिकेत ८३ लिहिलं. खाली काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, 'एकमेकांना मारलं.'

त्यानंतर भांडण झालं नाही. बोलणंच झालं नाही. शेवटच्या तीस दिवसांची सरासरी चौऱ्याहत्तर आली. मगदूम कुटुंब पात्र ठरलं.

मुक्ता पंधरा दिवसांच्या सहवासासाठी आली, एक बॅग, एक कापडी हत्ती आणि बाटलीतलं अर्धं पाणी घेऊन. साक्षी अजून छतावर होतीच. नियम असा, की सलग दोन दिवस गुण पन्नासच्या खाली गेले तर मूल परत न्यायचं. आणि पंधरा दिवस निभावले तरी पुढची दोन वर्षं डबी राहणारच होती.

दारात पाऊल टाकताच मुक्तानं छाती भरून घेतली. "आलेऽऽऽ!"

शिवलीला गुडघ्यावर बसली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू, बाळा."

मुक्तानं घरभर पाहिलं. मग तीही कुजबुजली, "कोण झोपलंय?"

"कुणी न्हाई."

"मग आजारी आहे का कोण?"

बालगृहात चाळीस मुलांच्या कलकलाटात वाढलेली ती पोर. पहिल्या दिवशी तिनं हळू बोलून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कमी बोलली. तिसऱ्या दिवशी जेवताना पाणी हवं असलं तर महांतेशसारखं बोटानं दाखवायला लागली. पाचव्या दिवशी तिनं बॅग भरून दाराशी नेऊन ठेवली. शिवलीलानं विचारलं, तर म्हणाली, "मी काय केलं म्हणून तुम्ही रागावलाय, ते मला कळत नाहीये."

त्या दिवशीचे गुण होते शहाऐंशी.

सातव्या दिवशी दुपारी जेवायच्या वेळेला मुक्ता घरात नव्हती. अंगणात नव्हती, माडीवर नव्हती, आक्काताईंकडेही नव्हती.  शेवटी शिवलीलानं शेडचं दार ढकललं. आठ मागांच्या खडखडाटात, कांड्यांच्या उपड्या पाटीवर मुक्ता उभी होती. समोर महांतेश. तो गळ्याच्या शिरा ताणून तिला खुणा शिकवत होता.

"हे काय?" त्यानं तळहात तोंडाकडे नेला.

"चहाऽऽऽ!"

"आणि हे?"

"धागा तुटलाऽऽऽ!"

त्यानं मूठ छातीवर ठेवली. मुक्ताला ती खूण माहीत नव्हती. "हे काय आहेऽऽ?" तिनं विचारलं. महांतेशनं वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. मग मुक्तानं स्वतःची इवलीशी मूठ छातीवर ठेवली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. तो हसला. शिवलीलानं हे हसू गेल्या दोन महिन्यांत भिंतीपलीकडूनच ऐकलं होतं.

ती उलट पावली घरात आली. ताटं वाढली. मग डबीच्या बरोबर खाली उभी राहिली, पदर खोचला आणि पोटातून हाक मारली.

"मुक्ताऽऽऽ! अहोऽऽऽ! जेवायला याऽऽऽ!"

 मग भिंतीपलीकडून दोन आवाज एकदम आले. "आलोऽऽऽ!" "आलेऽऽऽ!"

दिवा लाल झाला. तो झाला लाल तो झालाच.

'३९. पोटभर जेवली,' तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी, '३६. तिनं बॅग रिकामी केली.'

नवव्या दिवशी सकाळी साडेअकराला दाते मॅडम आल्या. मुक्ताला न्यायला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

"मला फार वाईट वाटतंय," दारातूनच त्या म्हणाल्या. शिवलीलाला त्यांचे फक्त ओठ हललेले दिसले. माग चालू होते. पण ओठ वाचायला ती लहानपणीच शिकली होती.

"वाईट वाटून घ्या, पण आधी हे वाचा." तिनं भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्यांच्या हातात दिली. "त्र्याऐंशी जिथं लिहिलंय तिथं बघा. आणि खाली वाचा."

मॅडमनी वाचलं. पान उलटलं. पुन्हा मागचं पान पाहिलं. "पण हे..." त्या थांबल्या. "हे पुरावा म्हणून चालत नाही हो. हे तुमचं मत झालं."

"आणि डबीचं?"

"ते मोजमाप आहे."

महांतेश दारात उभा होता. त्याच्या एका बोटाला धरून मुक्ता, तिच्या दुसऱ्या हातात हत्ती.  त्याचा दुसरा हात मुक्ताच्या डोक्यावरून खाली खांद्यावर आला आणि तिथंच राहिला.

मुलाला विचारल्याशिवाय न्यायचं नाही, हाही नियमच होता. मॅडम मुक्तासमोर वाकल्या. "मुक्ता, तुला इथे आवडतं का?"

मुक्तानं कानाला हात लावला. "काय?"

"तुला इथे राहायला आवडतं का?"

"काऽऽय?"

मॅडमनी श्वास घेतला. "मुक्ता! तुला! इथे! राहायचंय का?"

"हो, हो, होऽऽऽ!" मुक्ता ओरडली. "तुमचं ऐकूच येत नाहीऽऽऽ!"

मॅडमच्या हातातली टॅबची पाटी थरथरली. साक्षीची सूचना होती. त्यांनी सवयीनं पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. '११.४२. बाहेरील प्रौढ व्यक्ती. तीव्र आवाजी आक्रमकता. बालकाला उद्देशून. तीन वाढते प्रसंग.'

बाहेरील प्रौढ व्यक्ती त्या घरात एकच होती.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, जिच्यापलीकडे आठ माग खडखडत होते. मग छताकडे. मग पुन्हा हातातल्या पाटीकडे. साक्षीनं मागांचा गोंगाट वजा केला होता, अगदी स्वच्छ. पण त्या गोंगाटावर मात करायला चढवलेला आवाज मात्र तसाच ठेवला होता. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो. ते त्याच्या हातातही नसतं. गोंगाट पुसून टाकला की उरतो तो एका शांत खोलीत विनाकारण किंचाळणारा माणूस. शिवलीलाला इतके दिवस काय खटकत होतं, ते त्या आकड्यांत लिहिलेलं होतं.

"यंत्र बिघडलंय व्हय?" महांतेशनं विचारलं.

"नाही!" मॅडमना ओरडावं लागलं. दिवा पुन्हा लाल झाला. "यंत्र बरोबर चाललंय! तेच तर..." त्या खुर्चीत बसल्या. पाटीवर बरंच खाली सरकत गेल्यावर एक अर्ज सापडला. तो त्यांनी स्वतः कधी भरला नव्हता. 'निवासस्थान यंत्रतपासणीस अपात्र.' त्यात पुराव्याच्या रकान्यात मोजमापच लागतं, मत नाही. त्यांनी तिथं ११.४२ची नोंद जोडली. 'आक्रमक व्यक्तीचं नाव' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

"मंजूर होईल?" शिवलीलानं ओठांनीच विचारलं.

"माहीत नाही! सहा वर्षांत एकदाही झालेला नाही! पण अर्ज गेला की निर्णय लागेपर्यंत मूल हलवता येत नाही! आणि तोवर डबीऐवजी माणसानं राहून बघायचं असतं, सात दिवस!" त्यांनी खाली ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि मग पुन्हा खाली ठेवली. "तुमच्याकडे एक माणूस झोपेल एवढी जागा आहे का?"

 दोन महिन्यांच्या सवयीनं शिवलीलाचा आवाज बारीकच निघाला. काहीतरी म्हणाली ती.

दाते मॅडमनी कानामागे हात धरला आणि पुढे वाकल्या.

"काय म्हणालात? अहो, जरा मोठ्यानं बोला की!"